लेन्स नरम आहे

धाकटा : ...हलू नकोस, ताई. तशीच बस. आत्ता उजेड समोरच्या इमारतीच्या टाकीला वळसा घालून निघाला आहे. आधी खिडकीच्या जाळीवर थोडा रेंगाळेल, मग ओट्यावर उतरेल. पाहा, उतरला. नळाच्या तोटीवर एक थेंब आहे, त्याच्यात शिरला. आता भिंतीवरून सरकत तुझ्या खांद्यापर्यंत येईल. सकाळच्या उजेडाला घाई नसते. तो वस्तूंना स्पर्श करत नाही, त्यांच्या कडा विरघळवून टाकतो. ही जाळी, तो कुकर, त्या फळीवरचे डबे, सगळं एकमेकांत मिसळून गेलं आहे. जणू काही कुणी अजून कशालाच नाव दिलेलं नाही.

ताई : मला तर जाळीचा एकेक चौकोन दिसतोय. एका चौकोनात मेलेली माशीपण आहे.

धाकटा : तू उजेड पाहत नाहीस, ताई. तू वस्तू पाहतेस.

ताई : वस्तूच पुसायच्या असतात रे मला. तुझा उजेड कुणी पुसायला सांगत नाही. बरं, अट लक्षात आहे ना?

धाकटा : आहे.

ताई : म्हणून दाखव. तुझी सवय मला माहितीये, नंतर शब्दांचा कीस काढशील.

धाकटा : या नव्या लेन्सने तुझं एक छायाचित्र काढायचं. तुझे डोळे त्यात स्पष्ट यायला हवेत. आले, तर तू हा विषय कायमचा बंद करशील. नाही आले, तर मी मुकाट्याने तुझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येईन.

ताई : आजच. माझी गाडी दुपारी आहे. बदलीच्या गावाहून काही मी तुझा कान धरायला येऊ शकणार नाही. नंबर लावून ठेवलाय आपला.

धाकटा : नंबर लावलास? म्हणजे मी हरणार हे तू गृहीतच धरलंस.

ताई : मी काही धरलं नाही. तूच धर, तो कॅमेरा. दोन्ही हातांनी. काय वजन आहे मेल्याचं! पाटा उचलल्यासारखं वाटतं.

धाकटा : आतली काच भारी आहे. उजेड आत घेणारं भोक केवढं मोठं आहे पाहा. जवळजवळ अंधारातही काढता येतं यानं.

ताई : अंधारात काय काढणारेस? दिवसाढवळ्या काढलेल्यात माझ्या नाकाचा पत्ता नसतो.

धाकटा : ते आधीच्या लेन्सने.

ताई : आधीच्या कुठल्या? पहिली आली तेव्हा म्हणालास, हिला आत्मा नाही.

धाकटा : ती स्वतःच फोकस ठरवायची. मधे माणूस उरतच नव्हता.

ताई : फोटो चांगले यायचे त्यातले.

धाकटा : चांगले नव्हे, अचूक. अचूकपणा वेगळा.

ताई : बरं बाबा. मग दुसरी आली. हातानं फिरवायची. तिला काय झालं होतं?

धाकटा : नरम होती, रेषा धारदार येत नव्हत्या. कडेला तर फारच नरम.

ताई : लेन्स आहे की पाव? आठवडाभर मागच्या गल्लीत विटांच्या भिंतीचे फोटो काढत होतास. शेजारच्या काकू येऊन मला विचारतात, तुमच्या भावाला भिंत विकत घ्यायचीये का?

धाकटा : विटांवर लेन्सची परीक्षा होते. सरळ रेषा असतात त्यांच्यात.

ताई : आणि नापास झाली ती. मग ही तिसरी, हीपण हातानं फिरवायची. सोबत कॅमेरा ठेवायचं तिकाटणं, काचेवर बसवायच्या काचा, काच पुसायचं रेशमी फडकं, धूळ उडवायचा रबरी फुगा. तो फुगा बघून मला वाटलं तुला कानाचा त्रास सुरू झाला. घरात भाजीच्या पिशव्यांपेक्षा तुझ्या कॅमेऱ्याच्या पिशव्या जास्त झाल्यात.

धाकटा : तू बोलत राहिलीस की तोंड हलतं.

ताई : घे, गप्प बसले. काढ.

धाकटा : थोडी खिडकीकडे वळ. हनुवटी... हं. काढला.

ताई : आण इकडे. अरे वा! कुकरची शिट्टी काय सुरेख आलीये. तिच्यावरचा डागसुद्धा दिसतोय. आणि पुढे हे पांढरट काय आहे, भूत?

धाकटा : फोकस किंचित मागे गेला.

ताई : किंचित? मला ओलांडून पार शेगडीवर गेला.

धाकटा : एक आणखी. या लेन्सची ओळख व्हायला वेळ लागतो. तू तीच आहेस, तिथेच आहेस, फक्त श्वास रोखून धर.

ताई : श्वास रोखून बहीण मेली तरी तुझी ती फोकसची रिंग फिरायची थांबणार नाही.

धाकटा : काढला.

ताई : बघू. आता चमचा आला. टेबलावरचा. चमच्यात खिडकी दिसतेय आणि खिडकीत माशी. माशीची ओळख झाली लेन्सशी. माझीच तेवढी व्हायचीये.

धाकटा : ही लेन्सही नरम आहे.

ताई : पुन्हा म्हण.

धाकटा : नरम आहे. असं होतं. एखादा नग सदोष निघतो. आतला एखादा भाग केसभर सरकलेला असला तरी पुरतं. मी दुकानात परत नेऊन...

ताई : घड्याळंच हल्ली बारीक यायला लागलीत.

धाकटा : काय?

ताई : कुणाचं वाक्य आहे ओळख.

धाकटा : बाबांना मधे आणू नकोस.

ताई : मी कशाला आणू? तू बोललास आणि ते येऊन बसले. अगदी त्याच आवाजात. दुरुस्तीला आलेलं घड्याळ उघडलं की म्हणायचे, घड्याळंच बारीक येतात हल्ली, स्क्रूच्या खाचा नीट पाडत नाहीत, दिव्याचा उजेड पूर्वीसारखा नाही. एकावर एक भिंगं बदलली त्यांनी. दिवा तीनदा बदलला. फक्त डॉक्टर तेवढा बदलावा लागला नाही, कारण नजर जाईपर्यंत गेलेच नाहीत.

धाकटा : त्यांना काचबिंदू होता. मला काहीही झालेलं नाही.

ताई : तुला कुणी सांगितलं? भिंतीनं?

धाकटा : माझं वय काय, त्यांचं वय काय.

ताई : तेच म्हणते ना मी. साधा नंबर असेल. चष्मा मिळेल, घालशील, दोन दिवस नाकाला टोचेल. पण ते कळायला दारातून आत तर जायला हवं. परवा बाजारात तू माझ्यासमोरून गेलास. एका हाताच्या अंतरावरून म्हणत नाही, पण रस्त्याच्या त्या कडेला मी हात हलवत उभी. तू सरळ पुढे.

धाकटा : मी विचारात होतो.

ताई : तुझ्या कचेरीतली ती मुलगी मला म्हणाली, तुमचा भाऊ फार गर्विष्ठ आहे, बघून न बघितल्यासारखं करतो. मी म्हटलं, गर्विष्ठ नाही गं, लाजाळू आहे. दरवेळी हेच सांगते मी सगळ्यांना. लाजाळू आहे, विचारात असतो, कवी माणूस. किती वर्षं तुझी वकिली करू?

धाकटा : कोणती मुलगी?

ताई : बघ, कान मात्र शाबूत आहेत! चष्मा लाव, म्हणजे कोणती ते दिसेल. दे तो कॅमेरा.

धाकटा : कशाला? ताई, त्याला अशी बोटं लावू नकोस, पुढच्या काचेवर ठसे...

ताई : रेशमी फडकं आहे ना. तिथेच बस, हलू नकोस. तोच उजेड, तीच लेन्स, तेच टेबल. ही गोल फिरवायची ना? हं... हं... आलास. काढला.

धाकटा : दाखव.

ताई : घे, जवळ धरून बघ. जवळचं दिसतं तुला.

धाकटा : थांब, मोठं करून पाहतो.

ताई : बघ. काय म्हणतोस? नरम आहे?

धाकटा : दाढीचे खुंट दिसत आहेत.

ताई : शर्टाच्या बटणाचा दोरापण. आणि डोळे बघ.

धाकटा : योगायोग आहे. नवख्याला पहिल्यांदा लागतो कधी कधी. शिवाय माझ्यावर उजेड समोरून होता आणि...

ताई : उजेडाचं सोड. डोळे बघ म्हटलं.

धाकटा : बारीक केले आहेत.

ताई : मी किती लांब होते? एवढ्याशा अंतरावर बसलेल्या बहिणीकडे कुणी असं बघतं का? सुईत दोरा ओवल्यासारखं? मला हा चेहरा पाठ आहे. कामाच्या टेबलामागे बसून बाबा दारातल्या गिऱ्हाइकाकडे असेच बघायचे. आवाज ऐकला की मग हसायचे.

धाकटा : चेहऱ्याचं साम्य असतं, ताई. मी त्यांचाच मुलगा आहे.

ताई : बरं. फळीवरचा मधला डबा दिसतो ना? त्याच्यावर काय लिहिलंय, इथूनच वाच.

धाकटा : हा काय पोरखेळ आहे?

ताई : वाच की.

धाकटा : साखर.

ताई : नक्की?

धाकटा : अर्थात. साखर. तुझंच अक्षर आहे, तुझा तो लांब शेपटीचा र.

ताई : शेपटीसकट वाचलंस! काल झोपण्याआधी मी ती चिठ्ठी काढून नवी चिकटवली. बोटभर उंच अक्षरांत. ऊठ, जवळ जाऊन बघ.

धाकटा : ...गाढव.

ताई : साखर मी खालच्या डब्यात ओतलीये. डब्यात काही नाही, रिकामाच आहे तो. शेपटी तेवढी तुझी.

धाकटा : तू हे मुद्दाम केलंस.

ताई : मग काय चुकून? रात्री लिहिताना हसत होते. चिकटवल्यावर हसू गेलं. म्हटलं, सकाळी उठल्या उठल्या ह्यानं ओरडायला हवं, ताई, हे काय लिहिलंयस म्हणून. तू तुझा बिनसाखरेचा चहा केलास, फळीसमोरून चारदा गेलास. मी वाट बघत होते तू कधी चिडतोस याची.

धाकटा : मला ते धुकं वाटायचं.

ताई : कुठलं?

धाकटा : सकाळचं. रस्त्यावरचे दिवे फुलांसारखे उमलतात, झाडं एकमेकांत विरतात. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं, फक्त लोक थांबून पाहत नाहीत. मी पाहतो. एवढं एकच माझ्यापाशी आहे असं मला वाटायचं.

ताई : ते राहील रे तुझ्यापाशी. चष्मा काढून ठेवायचा आणि बघायचं धुकं, पोटभर. पण रस्ता ओलांडताना लावायचा.

धाकटा : आणि चष्म्याचं नसलं तर? डॉक्टरांनी तेच सांगितलं, जे बाबांना सांगितलं होतं, तर?

ताई : त्यांना काय सांगितलं आठवतं का? आधी का नाही आणलंत, एवढंच. मी उभी होते तिथे. बाबा खुर्चीत, आणि उत्तर मी द्यायचं. मला पुन्हा ते उत्तर द्यायचं नाहीये.

धाकटा : मला एक संधी आणखी दे. एकच. उजेड आता तुझ्या चेहऱ्यावर आला आहे.

ताई : बरं. बसले. पण कॅमेरा खाली ठेव. लेन्स नको, रिंग नको, काही नको. नुसता माझ्याकडे बघ आणि सांग, मी आत्ता हसतेय की रडतेय?

धाकटा : हसते आहेस.

ताई : आवाजावरून नको सांगू. आता मी बोलत नाही. बघून सांग.

(नळाचा थेंब पडतो.)

धाकटा : ताई, मला तुझा चेहरा दिसत नाही.