डावीकडची बरगडी

—हो हो, ऐकलं मी, बहिरा नाही. बसा तुम्ही. त्या जर्स्या सरकवा बाजूला, धुतलेल्याच आहेत — पोरांना बचाव शिकवायचा मी आणि त्यांचं धुणंही मीच, गावाला वाटतं कोच म्हणजे कोण मोठा माणूस! तर तुमचं म्हणणं काय, तुमच्या पोराची, वेडची, बरगडी दुखावलीय, म्हणून आज संध्याकाळच्या फुटबॉल मॅचमध्ये आमच्या पोरांनी त्याला जरा सांभाळून धरावं. नेल्डाबाई, एवढ्या उन्हात गाडी हाकत तुम्ही समोरच्या गावच्या कोचकडे आलात, म्हणजे जिवाची काय तगमग झाली असेल ते कळतं मला. पण तुमचा पोरगा क्वार्टरबॅक आहे, चेंडू फेकणारा. प्रत्येक डाव त्याच्या हातातून निघणार, अख्खा संघ त्याच्या तोंडाकडे बघणार — त्याला नाही आडवा करायचा तर कोणाला, बँडवाल्यांना? रडू नका हो. इथं कोणी आलं तर काय समजेल?

आणि सांभाळून धरा असं पोरांना सांगता येतं का? नाही येत. एवढं दांडगं पोर पळत सुटलं की निम्म्या जोरानं कसं धडकणार? बिचकत गेलं तर त्याचीच मान मोडायची. क्वार्टरबॅक दुखावलेला असला की बचाव बदलावाच लागतो, त्यात वाईट काय आहे — सगळे करतात, तुमचाही कोच करेल. त्याला लांब फेकता येत नाही ना, मग मागची पोरं पुढे आणायची, जवळचे पास तोडायचे. चेंडू घेऊन धावणाऱ्यांना मधेच कोंडायचं, म्हणजे वेडला फेकण्यावाचून इलाजच नाही. आणि त्याला पळवायचं डावीकडे — कारण डावीकडे पळता पळता उजव्या हातानं फेकायचं तर अंग कमरेतून पिळावं लागतं, आणि डावीकडची बरगडी दुखरी असली की—

काय?

हो. तुम्ही नुसतं बरगडी म्हणालात. डावी मी म्हणालो.

बघा, मी चोरून काही केलेलं नाही. गेल्या मॅचचं चित्रण तुमच्याच कोचनं पाठवलं, आम्हीही त्याला आमचं पाठवतो, रीतच आहे ती. वेड पडला, उठला, आणि मग कोपर अंगाला चिकटवूनच चालायला लागला. मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितलं. खरं सांगू? आनंद झाला मला. सापडलं म्हणून! बायको जेवायला हाका मारतेय आणि मी टीव्हीसमोर एकटाच हसतोय. मग आठवडाभर तेच घोटून घेतलं — आमचा ईस्टन डावीकडून येणार, पाठीमागून, वेडला दिसणारच नाही असा. नियमात बसतं हो सगळं. पोरांनी त्या डावाला नावही ठेवलंय, मी मैदानाच्या कडेनं ते नाव ओरडलो की ईस्टन सुटलाच — जाऊ दे, तुम्हाला नाव कशाला हवंय. 'आई गं.' तेच नाव. तो पडल्यावर ओरडेल ना, म्हणून. हसलो होतो मीही तेव्हा. आता तुम्ही अशा समोर बसलाय तर लाज वाटते मला.

पण तुम्ही तुमच्या कोचला का नाही सांगत? त्याला... त्याला माहीत आहे? तोच म्हणाला, पट्टा आवळून खेळेल म्हणून? युनिव्हर्सिटीचा माणूस येतोय बघायला, आज वेड बाहेर बसला तर शिष्यवृत्ती गेली, पुढचं शिक्षण गेलं — हो, ते आहेच, या ओसाड टेक्सासातून पोरांना बाहेर पडायला दुसरा रस्ता कुठाय. म्हणजे तुमच्या कोचला माहीत, मला माहीत, वेडला माहीत, आणि सगळे गप्प. मग उरलं कोण, बाई? तुम्हीच ना. घरी जा, गाडीची किल्ली काढून घ्या, बूट विहिरीत टाका, दारात आडव्या पडा. जन्मात बोलणार नाही तो तुमच्याशी? नको बोलू दे! ती बरगडी आत फुप्फुसात घुसली म्हणजे बोलणार आहे का?

माझ्यावर विसंबू नका. आत्ता इथं बसून वाटतंय, नाही ओरडणार मी. पण दिवे लागतील, गाव उभं राहील, तुमचा संघ गुणांनी पुढे असेल — आणि मी ओरडेन. मी ओळखतो मला. उठा, नेल्डाबाई. पोरं येतील इतक्यात. ईस्टनला तुमचं तोंड दिसायला नको.