पापड न खाणारी बाई

(सन १९५३. दापोडी स्टेशनाहून पिंपरीच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीकडे निघालेला टांगा. हाकणारा आबाजी, पिंपळे गुरवचा. मागे पुण्याच्या मिशनातल्या सालोमीबाई. मांडीशी शिलाई मशीन.)

आबाजी : म्हंजी आज बी कुनी न्हाई आलं, तर ही मशीन गेली म्हना.

सालोमीबाई : गेली. मिशनच्या मॅडम म्हणाल्या, छावणीतल्या बायकांना शिवणाचा वर्ग नकोच असेल तर मशीन दुसरीकडे देऊ. आणि या मशीनसाठी मीच सभेत सगळ्यांशी भांडले होते, आबाजी. आता कुठल्या तोंडाने परत नेऊ?

आबाजी : तुमी गानं लई लांबवता, बाई. माझी घोडी बी पेंगती.

सालोमीबाई : मागच्या खेपेला प्रार्थनेची दोनच कडवी म्हटली. तरी बायका नमस्कार करतात, हसतात आणि दाराचा पडदा ओढून घेतात. त्यांना धर्माचं भय वाटत असेल म्हणून तेही सांगून झालं, की शिवण शिकायला येशूचं नाव घ्यावं लागत नाही.

आबाजी : त्ये कारन न्हाई.

सालोमीबाई : मग कोणतं?

आबाजी : सांगितलं तर रागावनार न्हाई?

सालोमीबाई : रागावेन. पण सांगा.

आबाजी : तुमी पापड खात न्हाई.

सालोमीबाई : काय?

आबाजी : पापड. त्यांच्यात पाव्हना दारात आला की आधी पापड आन् पानी. तुमचं गानं व्हईस्तोवर मी चार घरचे खातो. घोडीलाबी बादली भरून पानी देत्यात. तुमी मातर हात जोडून नको नको.

सालोमीबाई : अहो, मिशनचा नियमच आहे तो. निर्वासितांच्या घरचं काही घ्यायचं नाही. सगळं मागे टाकून आलेली माणसं. त्यांच्या तोंडचा घास काढायचा का?

आबाजी : नियम तुमास्नी ठावं. त्यास्नी वाटतंय, बाई इटाळ धरती.

सालोमीबाई : विटाळ? मी?

आबाजी : जेठीबाईच म्हनली मला. त्या पयल्या बराकीतली म्हातारी. तिचं बाकीच्या बायका ऐकत्यात.

सालोमीबाई : आबाजी, माझी आजी गावच्या विहिरीवर ताटकळत उभी राहायची. कुणी वरून ओंजळीत ओतलं तर प्यायची. आणि मी विटाळ धरते? हसावं की रडावं कळेना मला.

आबाजी : आधी पापड खावा. मग काय त्ये करा.

सालोमीबाई : आणि नियम?

आबाजी : मी काय मॅडमला सांगाया पुन्याला जातो व्हय? मशीन धरा, म्होरं खड्डा हाय. त्यो बगा औषधाच्या कारखान्याचा पाया, आन् ही आली छावनी. उतरा. ओ जेठीबाई, पाव्हनी आनलीय.

जेठीबाई : आओ आबाजी, बस. पापड भाजते. ये बाई तर नाय खायेगी. गाना बोलेल, जाईल.

सालोमीबाई : आज गाणं नाही, जेठीबाई. आज पापड खायला आलेय.

जेठीबाई : सच?

सालोमीबाई : इतके दिवस चुकलं माझं. आम्हाला सांगून ठेवलंय, छावणीत कुणाचं खाऊ नका, त्यांना कमी पडेल.

जेठीबाई : कमी? सिंधमधे घर सोडला, जमीन सोडली, गाय सोडली. पापड लाटायचा बेलन नाय सोडला. गाठोड्यात बांधून इथवर आणला. मेहमान माझ्या दारातून तसाच गेला, तर मग मी खरी निर्वासित. समजली?

सालोमीबाई : समजले.

जेठीबाई : आम्हाला वाटला, तुला आमचा चालत नाय.

सालोमीबाई : ज्यांचं कुणालाच चालत नव्हतं ना, त्यांच्यातली मी. माझ्या आजीच्या हातात गावात कुणी भांडं देत नसे.

जेठीबाई : हूं. ले, खा. गरम आहे.

आबाजी : आन् मला?

जेठीबाई : तू तर नेहमी खातो. आज थांब.

सालोमीबाई : मिरी आहे का यात? झकास झालाय. अजून एक मिळेल?

जेठीबाई : आबाजी, सुना? अजून मागते. बहू, ए बहू, पडदा सार. बाहेर ये. मशीन बघायची होती ना? पडद्याच्या भोकातून बघून बघून मान दुखते हिची. आणि जा, बाजूच्या पोरींना पण बोलव. बोल, बाई आपल्याकडे खाते.

आबाजी : बाई, डोळं पुसा. पापड मऊ पडंल.

सालोमीबाई : तिखट लागलंय मला. पाणी द्या.

जेठीबाई : ले गिलास. अरे, वरून का पिते? सगळा पदरावर सांडला.

सालोमीबाई : आमच्या घरात सगळ्यांना तीच सवय आहे. आजीपासूनची.

जेठीबाई : इथे तोंड लावून पी. घरात गिलास एकच आहे. तू पी, मग त्याच्यातच मी पिते.