पाचवी खुर्ची

(खुर्च्यांचं दुकान. बाबा खुर्चीत, लेक शेजारी उभी, विक्रेती समोर.)

लेक : हीपण नाही? बाबा, पाचवी आहे ही!

बाबा : कंबर धरते म्हटलं ना. चल घरी.

लेक : घरी काय चल! सोमवारपासून डेपोच्या कंट्रोल रूममध्ये आठ तास बसायचंय तुम्हाला. डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलंय, खुर्ची नाही!

बाबा : एकतीस वर्षं बस चालवली, आता टेबलामागे बसून दुसऱ्यांना गाड्या कुठून न्यायच्या ते सांगू? अर्ज लिहून ठेवलाय मी.

लेक : कसला अर्ज?

बाबा : नोकरी सोडायचा. खिशातच आहे.

लेक : ऐकलंत ताई? तुम्हीच सांगा यांना काहीतरी!

विक्रेती : काका, एक विचारू? दुखते कुठल्या बाजूला?

बाबा : उजव्या.

विक्रेती : पाचही खुर्च्यांत?

बाबा : पाचही. भंगार आहेत.

विक्रेती : असतील. जरा तसेच बसा, हलू नका हं. तुम्ही इकडे या, वाकून बघा. काकांचे पाय.

लेक : अगं बाई! बाबा, टाच टेकलीय आणि चवडा हवेत! अहो, ब्रेकवर पाय ठेवून बसलायत तुम्ही!

बाबा : काहीतरीच.

विक्रेती : पाचही वेळा असंच. आणि बसल्याबरोबर प्रत्येक खुर्ची आधी उंच केलीत. का हो?

बाबा : गाडीच्या नाकापुढचं दिसायला नको? पोरं धावतात मधून.

लेक : कुठली गाडी, बाबा!

बाबा : ...हं.

विक्रेती : पाय असा सारखा ताठ, मग कंबर बोलणारच. असं करू. उजव्या हाताखाली दांडी आहे, ती उचला. खाली येऊ द्या... अजून... बास. आता पाठ पूर्ण मागे टेका.

बाबा : छे! टेकलं की डोळा लागतो. मागे साठ माणसं असतात.

लेक : मागे कपाट आहे फक्त.

विक्रेती : टेका हो. छान. आता तो पाय काढा ब्रेकवरून.

बाबा : घरंगळेल ना! चाकं आहेत हिला.

लेक : मी धरते मागून. काढा.

बाबा : धरलंस?

लेक : दोन्ही हातांनी.

विक्रेती : टेकला? दोन्ही पाय सपाट? आता सांगा, कंबर?

बाबा : थांबा. बघतोय.

लेक : बोला ना बाबा! दुखतंय?

बाबा : ...नाही गं. गंमतच आहे. बरं, त्या कंट्रोलवाल्याला कळतं कसं, कुठली गाडी कुठे अडकलीय ते?

लेक : पडद्यावर दिसतात. सगळ्या, एकदम.

बाबा : सगळ्या? घाटातल्यापण?

लेक : घाटातल्यापण.

बाबा : बघायला पाहिजे एकदा. ताई, ही उंची किती ते लिहून द्या. हा घ्या कागद.

विक्रेती : यावर तर काहीतरी लिहिलंय, काका.

बाबा : मागची बाजू कोरी आहे.

लेक : बाबा, हा तर...

बाबा : तू सोड आता हात. उभी आहे गाडी.