खिंडीपलीकडचं गिऱ्हाईक

(कोचकोर गावातलं सागिनचं दुकान. दुधावरची साय वेगळी काढायची यंत्रं इथं मिळतात. दारावर कंपनीची पाटी. कंपनीचा माणूस मकसत नवा करार घेऊन आलाय. मे महिना सरत आलाय.)

मकसत : सही करा ना, बाइके, थोरल्या भावासारखे तुम्ही. एका सहीनं एजन्सी वाचतेय.

सागिन : आधी नान मोड. तुकडा न मोडता बोलायला लागलेला पाहुणा मला वसुलीवाला वाटतो.

मकसत : मोडला. आता ऐका. 'विक्रेता खिंडीपलीकडे माल विकणार नाही, दुरुस्तीलाही जाणार नाही.' एवढंच लिहिलंय. पलीकडचा तालुका त्या दुसऱ्या विक्रेत्याचा, कुबातचा. त्यानं पुन्हा तक्रार केलीय.

सागिन : गिऱ्हाईक कुणाचं?

मकसत : तुमचं.

सागिन : हिवाळाभर याच गल्लीत राहतं. उन्हाळ्यात मेंढरांमागं खिंड चढलं की लगेच कुबातचं झालं? मग करार मेंढरांनाही वाचून दाखव.

मकसत : बिश्केकच्या मुख्य कचेरीत नकाशा बघतात, मेंढरं नाही. मी भांडलो तुमच्यासाठी.

सागिन : भांडला असशील. तू वाईट नाहीस.

मकसत : पण वर जायचंच कशाला? उन्हाळाभर दुकानात निवांत बसा की.

सागिन : बसून बघितलंय. बायको, गुलसुन, वारली त्या वर्षी. सगळं गाव कुरणावर गेलेलं. गल्लीत मी आणि शेजाऱ्याचं लंगडं कुत्रं. संध्याकाळी त्याच्याशीच बोलायचो. मग एक दिवस तेही वर निघून गेलं.

मकसत : लंगडत?

सागिन : लंगडत. हस, मीही हसलो होतो. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी बांधली आणि त्याच्या मागं गेलो. तंबूत शिरलं की बायका म्हणतात, यंत्र खरखरतंय बघा. बहुतेकदा काही झालेलं नसतं. मी उघडतो, पुसतो, परत जोडतो. तोवर चहा होतो, पोरं पाठीवर चढतात. इथं एकट्यानं उन्हाळा काढवत नाही रे मला.

मकसत : सही नाही केलीत तर आजच पाटी न्यावी लागेल मला.

सागिन : शिडी मागं आहे. वरचा खिळा गंजलाय, जपून.

मकसत : कंपनी सुटे भागही देणार नाही, बाइके. वर जाऊन करणार काय?

सागिन : पुसेन. पुसायला भाग लागत नाहीत.

मकसत : मला फार वाईट वाटतंय.

सागिन : ठाऊक आहे. हा उरलेला नान घे, वाटेत खा. आणि पोचलास की फोन कर.

मकसत : आता कशाबद्दल?

सागिन : पोचलास म्हणून.