फ्रिजचा खटका

अ‍ॅरिझोनातल्या आमच्या आरव्ही तळावर, म्हणजे घरासारख्या राहायच्या गाड्या उभ्या करतात तिथे, कपडे धुण्याच्या मशीनसाठी रांग होती. माझ्यापुढे मर्ना आणि ईडिथ, दोघी निवृत्त नवऱ्यांबरोबर गाडीतच संसार थाटलेल्या.

“मर्ना, तुझा नवरा कुणाला एवढ्या शिव्या घालतोय गं?”

“फ्रिजला. सकाळपासून दार उघडत नाहीये.”

“गाडी कलली असेल. चाकाखाली फळी सरकवा.”

“सरकवली. मग बर्फ धरलाय म्हणून माझा हेअर ड्रायर घेऊन बसला. आता बिजागऱ्यांच्या मागे लागलाय.”

“अगं, प्रवासात दार उघडू नये म्हणून वर खटका असतो, तो लागलेला नाही ना?”

“लागलाय. मीच लावला.”

“का? निघालात कुठे?”

“कुठे निघतोय! डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केल्यापासून नुसता खुर्चीत बसून असायचा. आज स्वतःहून हत्यारांची पेटी काढली.”

“त्याला खटका दिसणार नाही?”

“निघताना बाहेरचं सगळं तो बघायचा, आतलं मी. त्या खटक्याकडे त्याने आजवर ढुंकून पाहिलेलं नाही.”

“आणि जेवणाचं काय?”

“तो हात धुवायला गेला की काढते हळूच. मग दार ओढेल, उघडेल आणि तळभर मिरवेल.”

“आणि उद्या?”

“उद्या पाण्याचा पंप बिघडणार आहे.”