कादरभाईचा राजकुमार

...अन् वरून लोक इचारतात, कादरभाई येवढे काऊन तपले होते? अरे तपनार नाही तं काय! तुमाले सांगतो, खामगावात मोटारपंप दुरुस्त करनारा मानूस, पोरीसाठी, म्हंजे गौसियासाठी, जुनी छऱ्याची रायफल घेतली, स्पर्धेची. त्या रायफलीच्या नळीच्या तोंडावर येक टोपन असते, त्याच्यावर नेम धरायची माशी, तेच वाकडं! पोरगी नेम धरे मधात, छर्रा जाय डाव्या अंगाले! तरी जिल्ह्यात दुसरी आली. पहिली कोन? राजकुमार तेलमिलवाल्याची अर्पिता. अन् हा राजकुमार साऱ्या लोकायसमोर काय म्हनते? "कादरभाई, रायफल आनली का बोरचा पाइप? ह्यानं पोरीले पानी भरू द्या!"

बस्स! कादरभाई घरी आले ते बोंबलतच, "राजकुमारले सोडत नाही!"

नवं टोपन मागवलं. पन जुनं निघीन तं ना! रॉकेल पाजलं, गरम पान्याची फडकी गुंडाळली, वाइसच्या जबड्यात आवळून मोठ्या लोखंडी पान्यानं पिळलं... हाताले फोड, टोपन जागच्या जागी! राबियाभाभी म्हने, "अहो, जेवून तं घ्या." हे म्हने, "पह्यले राजकुमार!" म्हंजे टोपनाचंच नाव राजकुमार पडलं न भाऊ! "निघ बे राजकुमार! मुंडी पिरगाळतो तुही! राजकुमारले सोडत नाही!" शेजाऱ्यायले वाटे, आतमधी मानूस कोंडला का काय?

पाचव्या दिवशी गौसियानं खालचा काळा थर नखानं खरवडला. "अब्बा, इथं बारीक स्क्रू आहे. हा तं तुमी ढिलाच नाही केला."

पंचवीस वर्षं मोटारी खोलनारा मानूस! मंग हळूच म्हने, "मले माहीत होतं. तुले दिसते का, ते पाहून राह्यलो होतो."

स्क्रू ढिला केला, अन् टोपन असं निघालं... लोन्यातून केस!

मंग काय! पुढच्या स्पर्धेत गौसिया पह्यली, अर्पिता दुसरी. कादरभाई छाती काढून निघाले राजकुमारकडे. अशी जहरी वाक्यं पाठ केली होती आरशासमोर, का आयकनारा तिथंच बसला असता! तोंड उघडलं... अन् राजकुमारनं त्याच उघड्या तोंडात अख्खा पेढा कोंबला! "आपल्या खामगावची लेक! मी तं पह्यल्यापासून म्हनत होतो!" गळ्यात हात टाकला, फोटोवाल्याले बलावलं... आता राजकुमारच कादरभाईले सोडेना! पेपरात फोटो आला : मधात राजकुमार, बाजूले गौसिया, अन् कडेले कादरभाईचा निसता कोपर.

आता कोनी इचारलं, "कादरभाई, घेतला का बदला?"

तं म्हनतात, "घेतला न. खवा बरा होता."