खोलीबाहेरचं नाव

माझं गाव नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. काय सांगू तुम्हाला ताई, डोळे मिटले की अजून पान्याचा वास येतो, आई धुनं धुवायची अन् मी वाळूत पडून तिच्या बांगड्या ऐकायची, ऐकता ऐकता कवा झोप लागायची कळायचंच न्हाई. बाप गेला तसं नात्यातलीच एक बाई म्हन्ली, चल हैद्राबादला, सिकंदराबादेत मोठ्या घरी सैपाकाचं काम हाय. सैपाकघर काय दिसलं न्हाई बगा. एक खोली दिसली, अन् त्या खोलीत मला नवं नाव पडलं, रेश्मा.

तिथली एक रीत हाय, कुनी शिकवत न्हाई पन सगळ्या पाळतात. आईनं ठेवलेलं नाव त्या खोलीत उच्चारायचं न्हाई. बाटतं. अंगाचं काय व्हायचं ते होऊ दे, नाव तेवढं सोवळ्यात राहू दे. मी बी पाळली, अन् खोली सुटली तरी पाळतच राहिले, सवयच लागली म्हना.

मला सोडवलं आमच्या लक्ष्मी मॅडमनं. तेलुगू बाई, वकील. अंबरपेठेत बांगड्यांच्या दुकानावर त्यांचं आफिस, धंद्यातल्या बायांचे खटले फुकट लढतात. म्हन्ल्या, रेश्माक्का, तू माझ्यासंगं काम कर, बायका तुझं ऐकतात. तवापास्नं मी हेच सांगत फिरते, पोलिसांनी धरलं तर भिऊ नको, न वाचता अंगठा देऊ नको, आधी वकील माग. मला बायका कायदा आक्का म्हनतात. शाळेचं तोंड न पाहिलेली मी, हसू येतं.

ह्याच कामात पूजा भेटली, बांगलादेशची पोरगी. फसवून आनलेली. छाप्यात सापडली अन् सरकारी होममधी ठेवली. आननाऱ्यानं पढवून ठेवलेलं, धरलं तर गाव कोलकाता सांग, नाव पूजा सांग. पोरीनं कोर्टात तेच सांगितलं. कोलकात्याला शोध घेतला तर तसं घर न्हाई, तशी पोरगी न्हाई. अन् घर सापडल्याबिगर सोडत न्हाईत, मंग बसली तशीच. मॅडम सांगून सांगून थकल्या, बेटा, खरं नाव सांग, खरं गाव सांग, फसवून आनलेल्याला जेल व्हत न्हाई, मी हाय ना. ती आपली नक्को, नक्को. मॅडमला वाटायचं भीती हाय. भीती व्हतीच. पन मला कळलं व्हतं, होमच्या खिडकीला जाळी, दाराला भाईरून कडी, तिच्या लेखी ती बी खोलीच.

मी दुपारची जायची, तिच्या डोक्याला तेल लावायची. ती डोळे मिटून बोलायची, अर्धी हिंदी, अर्धी तिची बोली, झोपेत बोलल्यासारखी. घराम्होरं तळं हाय, तळ्यात बदकं हायेत, दिवस कलला की आई काठावर येती अन् बदकांना हाक मारती, आय आय, चोई चोई, अन् त्याच सुरात लेकीला बी. लेकीला काय म्हनून हाक मारती गं, मी इचारायची. ती बदकांची हाक सांगायची, सोताची न्हाई. मंग मला बी पेंग यायची, तळं कुटलं अन् गोदावरी कुटली, सगळं पानी एकच व्हायचं.

मंग तारीख आली. कोर्टात आमची पाळी यायला वेळ व्हता. मी पोलीसबाईला म्हन्लं, अम्मा, पोरीला झाडाखाली बसू द्या जरा, मॅडम हायेतच. कडुलिंब फुललेला, फुलं अशी गपचूप पडत व्हती, तिच्या केसात, माझ्या पदरात. मी म्हन्लं, वर बघ गं. छप्पर हाय का? भिंत हाय का? ही खोली न्हाई. इथं बाटत न्हाई. मी म्हन्लं, थांब, आधी मी सांगते. गोदावरी. आई गोदू म्हनायची.

ताई, इतक्या वर्सांनी तोंडातनं निघालं, अन् आवाज माझा न्हाईच, आईचा आला. मी रडले, काय लपवायचं त्यात. पोरगी सरकली, माझ्या कानाला लागली अन् सांगितलं. नाव, आईचं नाव, गाव, तळं. मी इचारलं, मॅडमना सांगू का? तू न्हाई म्हन्लीस तर माझ्यासंगं मातीत जाईल. तिनं माझ्या पदरातलं एक फूल उचललं अन् म्हन्ली, हौ.

या बारीला घर सापडलं. कागदांना त्यांचा वेळ लागला, पन गेली पोरगी. परवा फोन आला, मी खिडकीत बसून डाळ निवडत व्हते. आधी नुसतं पानी, बदकं, अन् दूर एक म्हातारी हाक मारायली, चोई चोई, अन् त्याच सुरात लेकीचं नाव. ऐकलंस का गोदू मासी, पोरगी म्हन्ली. ऐकलं गं माय, सुखात राहा.

तर ताई, तुम्ही लिहा सगळं, पन तिचं नाव लिहू नका, ते तिच्या आईचं हाय. माझं? आफिसात अजून रेश्माक्काच म्हनतात. पन दार उघडं हाय न्हवं, वारा येतोय. लिहा. गोदावरी लिहा.